नहरीच्या काठाने खापरखेडा

कोराडी मागे टाकून वारेगावजवळ कोलार नदी ओलांडली की खापरखेड्याची धुराडी अंगावर येतात. महानिर्मितीचं हे औष्णिक वीजकेंद्र १३४० मेगावॅटचं आहे. पहिला संच १९८९ मध्ये सुरू झाला. २१० मेगावॅटचे असे चार संच झाले आणि २०११ मध्ये त्यांच्या जोडीला ५०० मेगावॅटचा पाचवा आला. भोवताली सिल्लेवाडा, वलनी, भानेगाव अशा कोळशाच्या खाणी. गावात पाहुणा आला तर त्याला दाखवायचं काय, हा इथल्या लोकांपुढचा जुनाच पेच. मग कोराडीची जगदंबा, अदाशाचा गणपती, धापेवाड्याचा विठोबा, फार तर रामटेक असा बेत ठरतो. पाहुणा खापरखेड्यात जेवतो, झोपतो आणि बाकी सगळं बाहेर पाहून येतो.

माझं ऐकाल तर त्याला नहरीवर न्या. हिवाळ्यात न्या, रब्बीची पाळी सुरू असताना.

नहर म्हणजे पेंच प्रकल्पाचा उजवा कालवा. पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरीच्या धरणातून तो निघतो आणि सुमारे ४८ किलोमीटर वळसे घेत कोराडीजवळच्या महादुल्यापर्यंत येतो. डावा कालवा मौद्याकडे, धानपट्ट्यात जातो. नवेगाव खैरीच्याही वर, पेंचच्या वाघांच्या जंगलात, तोतलाडोहचं मोठं धरण आहे. ते महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी मिळून बांधलं. तिथल्या १६० मेगावॅटच्या जलविद्युत केंद्राची दोन तृतीयांश वीज मध्य प्रदेशला जाते, एक तृतीयांश आपल्याला मिळते. म्हणजे हे पाणी आधी तोतलाडोहला पडून वीज करतं आणि पुढे खापरखेड्याला येऊन वाफ होऊन पुन्हा वीज करतं. दोन्हींच्या मधल्या वाटेवर शेतकरी उभा असतो.

नकाशा पाहिला की एक गंमत लक्षात येते. पेंच नदी स्वतःही खापरखेड्याच्या बाजूलाच येते. पारशिवनीजवळ घोगरा महादेवाच्या खडकांतून वाट काढत ती खाली उतरते आणि बिना गावापाशी कन्हानला मिळते. कोलारही तिथेच. या तीन नद्यांचा बिना संगम खापरखेड्यापासून हाकेच्या अंतरावर. मग त्याच नदीचं पाणी वेगळ्या वाटेनं, एवढा खर्च करून कशाला आणायचं? कारण नदी खोलातून येते. संगमावर उभं राहिलं की शेतं डोक्याच्या वर असतात. कालव्याचं सगळं कसब उंची राखण्यात. काही हजार मीटर चालून तो जेमतेम मीटरभर उतरतो, टेकाड आडवं आलं की त्याला वळसा घालतो. महादुल्याला पोचण्याआधी त्याला कन्हान आणि कोलार या दोन्ही नद्या पार कराव्या लागतात. खाली नदी आपल्या चालीनं वाहत असते आणि वरून दुसऱ्याच नदीचं पाणी तिला न शिवता पुढे जातं. पाहुण्याला एवढंच दाखवलं तरी त्याचा दिवस वाया जाणार नाही.

पण मी जायला सांगतो ते गेटसाठी.

मुख्य कालव्यातून जिथे वितरिका फुटते तिथे सिमेंटचा छोटा चौथरा, त्यावर लोखंडी चौकट आणि जाड आट्यांचा उभा दांडा असतो. दांड्याच्या खाली पोलादी झडप. दांड्याला काळं ग्रीस थापलेलं, त्यात धूळ आणि गवताचे तुकडे चिकटलेले. कालवा चौकीदार सायकलला बांधून आणलेलं हँडल चौकोनी टोकावर बसवतो आणि फिरवायला लागतो. सुरुवातीला काहीच होत नाही. दांडा कुरकुरतो, हँडल जड जातं, चौकीदार अंगाचा भार टाकतो. मग झडपेच्या पायथ्याशी पाणी फुगल्यासारखं होतं, तपकिरी गाळाचा लोट उठतो आणि पलीकडच्या कोरड्या पात्रात पाण्याची जीभ सरकू लागते. तिच्या पुढ्यात पाचोळा, प्लास्टिकच्या पन्न्या, मेलेले खेकडे. बगळे कुठून येतात कळत नाही, पण हँडल फिरायला लागलं की हजर.

गेट उघडून काम संपत नाही, खरं काम तिथून सुरू होतं. भिंतीवर रंगवलेली सेंटिमीटरची पट्टी असते, तिला सगळे गेजच म्हणतात. चौकीदार तिच्याकडे पाहत थांबतो. थोडं उचलतो, थांबतो, पुन्हा अर्धा आटा खाली आणतो. मी घाई केली तेव्हा म्हणाला, "थांबा भाऊ. पाणी लगेच नाही सांगत. वरतून अजून येऊन राह्यलं, मंग खरा गेज दिसन." आपण इथे झडप उचलली की मुख्य कालव्याची पातळी थोडी खचते आणि त्याचा परिणाम खालच्या गेटवर होतो. तिथला माणूस आपली झडप हलवतो. सगळं स्थिरावायला वेळ लागतो. धरणावर सोडलेलं पाणी शेवटच्या गावात पोचायचं तर त्याहून जास्त. पूर्वी निरोप घेऊन माणूस पाण्याच्या पुढे सायकलनं जायचा, आता व्हॉट्सॲपवर गेजचा फोटो येतो. अंदाज मात्र अजून माणसालाच बांधावा लागतो.

पाणी मोजायची एक साधी रीत इथे हातानं करून पाहता येते, पोरांना तर जरूर दाखवावी. कालव्याच्या सरळ तुकड्यात काठावर तीस मीटरवर दोन खुणा करायच्या. वरच्या खुणेपाशी वाळकी काडी प्रवाहाच्या मध्यावर टाकायची आणि घड्याळ लावायचं. समजा काडीनं ते अंतर पन्नास सेकंदांत कापलं, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ६० सेंटिमीटर. तळाशी आणि कडेला पाणी घासून चालतं, म्हणून सरासरी वेग त्याच्या साधारण ८५ टक्के धरायचा. त्याला पाण्याच्या रुंदी-खोलीच्या आडव्या छेदानं गुणलं की झालं. पाटबंधारे खातं अजून क्युसेकमध्येच बोलतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. एवढी धार चोवीस तास शेतात सोडली तर सुमारे सहा एकरांत दहा सेंटिमीटर पाणी उभं राहतं.

आता हाच आकडा घेऊन वीजकेंद्राकडे बघा. धुराड्यांपेक्षा बुटके, पोटात वळलेले जे प्रचंड मनोरे दिसतात ते कूलिंग टॉवर. त्यांच्या डोक्यावरचा पांढरा ढग हा धूर नव्हे, पाणीच आहे. टर्बाइन फिरवून झालेली वाफ थंड करून पुन्हा पाणी करावं लागतं, आणि त्या थंड करण्यात बरंच पाणी हवेत उडून जातं. काही पाणी राख वाहून न्यायला लागतं. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१५ मध्ये घालून दिलेल्या मर्यादेनुसार कूलिंग टॉवरवाल्या जुन्या केंद्रांनी एक मेगावॅट-तास विजेमागे साडेतीन घनमीटरपेक्षा जास्त पाणी वापरायचं नाही. १३४० मेगावॅट दिवसभर पूर्ण क्षमतेनं चालले असं धरलं तर ही मर्यादा रोज सव्वाअकरा कोटी लिटरपर्यंत जाते. कालव्याच्या भाषेत, अखंड वाहणारे ४६ क्युसेक. काठावर बसून वहीत हा हिशोब मांडला तेव्हा शेजारच्या गव्हाच्या शेतकऱ्यानं तो वाकून पाहिला आणि एवढंच विचारलं, "आन् त्याहिले नमुना सात भरा लागते का?"

नमुना सात म्हणजे शेतकऱ्यानं पाण्यासाठी करायचा अर्ज. १५ ऑक्टोबरला रब्बी हंगाम सुरू होतो. त्या सुमारास धरणांत किती पाणी उरलं ते पाहून कालवा सल्लागार समितीत वाटप ठरतं, किती पाळ्या द्यायच्या ते ठरतं, मग अर्ज, थकबाकी, मोजणी. जिथे पाणी वापर संस्था आहेत तिथे २००५ च्या कायद्यानुसार संस्थेला मोजून पाणी द्यायचं आणि आतली वाटणी संस्थेनं करायची. नियम म्हणतो, पाणी शेवटाकडून सुरुवातीकडे द्यावं, आधी टेलच्या शेताला. नहरीवर उभं राहून पाहिलं की नियम का करावा लागला ते कळतं. पाण्याला वरचाच माणूस आधी दिसतो. काठावरून खाली सोडलेले काळे पाइप, झुडपात दडवलेला डिझेल पंप, मायनरच्या, म्हणजे छोट्या कालव्याच्या, भिंतीला पाडलेलं आणि चिंध्यांनी बुजवलेलं भोक, हे सगळं दिवसाउजेडी दिसतं. चौकीदारालाही दिसतं. तो बघतो, पुढे चालतो. एकटा माणूस, त्याच्या वाट्याला कित्येक किलोमीटर, आणि पाइप ज्याचा त्याच्या घरी कधीतरी चहा घेतलेला. मला त्याच्यावर राग धरता आला नाही. तसा राग धरणाराही तिथे कुणी भेटला नाही.

धरण बांधलं तेव्हा हिशोब मुख्यतः शेतीचा होता. मग नागपूर वाढलं. अंबाझरी, गोरेवाडा आणि कन्हान पुरेनासे झाले तेव्हा शहरानं पेंचकडे हात पसरला. कालव्याच्या शेवटी महादुल्याला पाणी उचलून शहराला जायचं. त्यासाठी ४८ किलोमीटर उघडा कालवा वाहता ठेवावा लागे. वाटेत पाझर, बाष्पीभवन, चोरी. म्हणून पुढे नवेगाव खैरीपासून महादुल्यापर्यंत शहरासाठी मोठी बंद जलवाहिनी टाकली गेली. वर मध्य प्रदेशात पेंचवर चौराईचं धरण झालं आणि तोतलाडोहकडे येणारं पाणी आटलं. २०१९ च्या उन्हाळ्यानंतर पाऊस लांबला तेव्हा नागपूरकरांना जुलैमध्ये दिवसाआड पाणी मिळालं. अशा वर्षी शेतीच्या पाळीचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११ मध्ये तो बदलून शेती दुसऱ्या क्रमांकावर आणली गेली. कागदावर. एक बरं झालं की आता नागपूरचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना दिलं जातं. आंघोळीचं, भांड्याचं पाणी टर्बाइनची वाफ थंड करायला चालतं, गव्हाला नदीचं राहू द्यावं, एवढा साधा विचार जमायला फार वर्षं गेली.

कालव्याचा काठ स्वतः पाहण्यासारखा आहे, पण सजवलेला नाही. बेशरमची झुडपं गुलाबी फुलं घेऊन पाण्यात उतरलेली असतात. हे झाड कापलं तेवढं वाढतं आणि प्रवाह अडवतं. पाणी फार हळू गेलं तर गाळ आणि शेवाळ धरतं, फार जोरात गेलं तर काठ खातं, या दोन्हींच्या मधला वेग राखायचा असतो. काही ठिकाणी सिमेंटचे पट्टे पोटातून फुगून फुटलेले दिसतात. दरवेळी तो ठेकेदाराचा दोष नसतो. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि वरचं सिमेंट उचलते. म्हणून अस्तराखाली आधी मुरुमाचा थर द्यायचा असतो. जिथे तो नीट दिला आहे तिथलं अस्तर शाबूत दिसतं. खेकड्यांनी आणि घुशींनी पाडलेली बिळं ही चौकीदाराची मोठी धास्ती. काठाच्या बाहेरच्या अंगाला ओल दिसली की तो वाकून पाणी बघतो. नितळ असेल तर पाझर, गढूळ असेल तर आतून माती निघते आहे. मग रात्र असो वा दिवस, वाळूची पोती आणि माणसं गोळा करायची, नाहीतर सकाळपर्यंत कुणाच्या तरी हरभऱ्यात भगदाड.

पाझराबद्दल मात्र इथे दोन मतं आहेत. अभियंत्याच्या वहीत तो तोटा. कालव्यालगतच्या शेतकऱ्याच्या विहिरीत तोच जमा. ज्याचा नमुना सात कधी मंजूर झाला नाही, त्याच्याही विहिरीला पाळीच्या दिवसांत दोन-चार हात पाणी चढतं, आणि त्यावर वांगी, सांबार, मेथी निघून खापरखेड्याच्या बाजारात येते. शहराचं पाणी बंद नळात गेलं याचं त्या माणसाला कौतुक नाही. मी त्याला नळामुळे वाचलेल्या पाण्याचे फायदे सांगून पाहिले. त्यानं शांतपणे ऐकलं. मग मला विहिरीपाशी नेलं, आतल्या दगडावरची ओलीची जुनी रेघ दाखवली आणि बोटानं तिच्याखाली पाणी आता कुठे आहे ते दाखवलं.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. काठाचा रस्ता मातीचा आहे, दुचाकी बरी पडते, पण पाऊस झाल्यावर काळी माती चाक सोडत नाही. गेटला हात लावू नका, तो गुन्हा आहे. आणि पोहायला उतरू नका. उतरत्या अस्तरावर शेवाळ असतं, पाणी कमरेएवढं दिसलं तरी बाहेर यायला पायाला पकड मिळत नाही. दरवर्षी कुणीतरी पोरगा यात जातो. चौकीदार हे प्रत्येकाला सांगतो, कारण शोधायला पहिल्यांदा त्यालाच बोलावतात, आणि वरचं गेट बंद करून पाणी उतरेपर्यंत घरच्या माणसांसोबत काठावर थांबणारा तोच असतो. त्या दिवशीचा गेज वहीत लिहिताना शेऱ्याच्या रकान्यात गेट बंद ठेवल्याचं कारण लिहावं लागतं.