महसीर सावरला, हे कुणी ठरवायचं?

मृगाचा पाऊस लागला की रायगडच्या तळा तालुक्यातली माणसं बॅटऱ्या आणि टोपल्या घेऊन अंधारात ओढ्याकडे निघतात. वलगण चढलेली असते. डोहांत उन्हाळा काढलेले मासे नव्या पाण्याच्या उलट अंगाला चढत थेट भाताच्या खाचरांपर्यंत येतात. त्यांच्या पोटात गाभोळी भरलेली असते, कारण अंडी घालण्यासाठीच ते निघालेले असतात. या माशांच्या कालवणाची कोकणातल्या घरांत वर्षभर वाट पाहिली जाते आणि त्यात गैर काही नाही. पण वर्षातल्या याच चार-आठ दिवसांत एक मादी टोपलीत आली की हजारो पिल्लं नदीत येण्याआधीच संपतात. समुद्रातून किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीचा अंदाज केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्था दरवर्षी प्रसिद्ध करते. मांदाडच्या खाडीला मिळणाऱ्या ओढ्यांतल्या माशांचा असा हिशेब कोणी मांडत नाही.

एखादा मासा धोक्यात आहे की नाही, त्याला संरक्षण हवं की आता पुरे, हा वाद बहुतेक वेळा या न मांडलेल्या हिशेबापाशीच अडतो.

रायगड जिल्ह्यातच संरक्षणाचं एक विलक्षण उदाहरण आहे. तळ्याहून इंदापूर-माणगाव मार्गे महाडकडे आणि तिथून रायगड किल्ल्याच्या मागच्या खोऱ्यात गेलं की काळ नदीवर वाळण कोंड लागतो. काळ ही सावित्रीची उपनदी. खडकात खोल गेलेला हा डोह, त्यावर झुलता पूल आणि काठाला वरदायिनी देवीचं ठाणं. भाविक पाण्यात लाह्या-चुरमुरे टाकतात, तसे काळसर पाठीचे मोठमोठे महसीर वर येतात. त्यांचे खवले मोठे, ओठ जाड, तोंडाजवळ मिशांच्या दोन जोड्या. हे मासे देवीचे, म्हणून या डोहात कोणी पाग टाकत नाही की गळ सोडत नाही. ठाणे-पालघरकडे वैतरणेच्या काठी तिळसेश्वराच्या देवळापाशीही माशांना असंच अभय आहे. या डोहांना वनखात्याची पाटी लागण्याच्या कितीतरी आधीपासून लोकांनी मासे राखले आहेत.

दख्खनच्या महसिराची शास्त्रीय ओळख मराठी मुलखातच झाली. मुंबई सरकारच्या सेवेतले लष्करी अधिकारी विल्यम साइक्स यांनी पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशांवरून १८३९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्या पाण्याचं पुढे काय झालं, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. महसिराला वाहतं, थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी आणि स्वच्छ गोटे-वाळूचा तळ लागतो. पावसाळ्यात तो वरच्या अंगाला चढून अंडी घालतो. वाटेत धरण आलं की चढण बंद, वाळू उपसली की अंडी घालायची जागा गेली, सांडपाणी सोडलं की डोह मेला. शिवाय जिलेटीनचे तोटे आणि विषारी पावडर. स्फोटकं किंवा विष वापरून मासे मारायला १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच बंदी घातली. सव्वाशे वर्षांनंतरही हे दोन्ही प्रकार थांबलेले नाहीत.

या माशाला दुसरं आयुष्य मिळालं ते लोणावळ्यात. वीजनिर्मितीसाठी टाटांनी बांधलेल्या तलावांत महसीर टिकून होते. १९७० च्या सुमाराला मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वळवणच्या केंद्रात त्यांचं कृत्रिम प्रजनन सुरू केलं. जुलै-ऑगस्टमध्ये तलावाला मिळणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी पिकलेली मादी धरायची, हलक्या हाताने पोट दाबून अंडी भांड्यात घ्यायची, नराचं वीर्य मिसळायचं आणि ती अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये पसरायची. पुढे त्यांना आणखी एक गोष्ट साधली. महसिराची फळलेली अंडी ओल्या कापसात ठेवली तर पाण्याशिवायही प्रवास सोसतात. मग बोटुकलीबरोबर अंडीही दूरदूरच्या राज्यांत जाऊ लागली. वळवणचं काम आज पन्नास वर्षांहून जुनं आहे.

या कामाचं फळ यादीत दिसलं, असं सांगितलं गेलं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत दख्खनचा महसीर आधी ‘संकटग्रस्त’ होता. नव्या मूल्यांकनात तो ‘किमान चिंता’ या गटात आला आणि २०२० च्या अखेरीस देशभरच्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी झळकली. आनंद व्हायलाच हवा. पण ‘महसीर वाचला’ एवढ्या दोन शब्दांत ती बातमी वाचली, तर मोठी फसगत होईल.

त्यासाठी कावेरीकडे पाहावं लागतं. लोणावळ्याची बोटुकली १९७० च्या दशकात कर्नाटकात कावेरीत सोडली गेली. हेतू चांगला होता आणि मासे तिथे रुजलेही. नदीकाठच्या गळ-छावण्यांमध्ये मासा पकडून, मोजून परत सोडायची पद्धत होती. त्या वह्यांमधल्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. महसिरांची एकूण संख्या वाढलेली दिसली, पण ती वाढ निळ्या पराच्या, म्हणजे आपल्याकडून गेलेल्या महसिराची होती. कावेरीचा स्वतःचा मदार पाठीचा महसीर मात्र झपाट्याने घटला होता. जगभरचे गळकरी या माशाचं नाव दीडशे वर्षं घेत होते, तरी त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली ती २०१८ मध्ये. त्याच वर्षी तो लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला. नुसते ‘महसीर’ मोजले असते, तर कावेरीत सगळं उत्तम चाललंय असाच अहवाल गेला असता.

मग धोका टळला, हे ठरवायचं कसं? लाल यादीचे निकष आकड्यांवर उभे आहेत. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यातला जो काळ मोठा त्यात, संख्या निम्म्याने घटली आणि घटीची कारणं चालूच असली, तर प्राणी ‘संकटग्रस्त’. ऐंशी टक्क्यांनी घटली तर ‘अतिसंकटग्रस्त’. खालच्या गटात आणायचं असेल, तर वरच्या गटाचा एकही निकष किमान पाच वर्षं लागू होता कामा नये. मात्र आधीचं वर्गीकरणच चुकलं होतं असं दिसलं, तर थांबावं लागत नाही. म्हणून गट बदलला की पहिला प्रश्न हा विचारायचा: नदीत मासे वाढले, की आपल्याकडची माहिती वाढली? आणि दुसरा: हे मासे त्या नदीत आपोआप वाढताहेत, की दर पावसाळ्यात ओतली जाणारी बोटुकली बंद झाली तर संपतील?

शिवाय लाल यादी म्हणजे कायदा नव्हे. भारतात कायद्याचं संरक्षण प्रामुख्याने १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीतून मिळतं, आणि ती बदलायचा अधिकार केंद्राला आहे. ठरावीक वर्षांनी प्रत्येक नावाची फेरतपासणी झालीच पाहिजे, अशी सक्ती या कायद्यात नाही. तशी सक्ती नसली की काय होतं, ते २००१ मध्ये दिसलं. मे महिन्यात व्हेल शार्कला पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली. ती योग्यच होती. जुलैमध्ये सगळ्याच मुशी आणि पाकटांवर बंदी आली. किनाऱ्यावर ओरड झाली, कारण मुशी ही गरीब कोळ्याच्या रोजच्या जाळ्यातली मासळी. डिसेंबरमध्ये यादी दहा जातींवर आली. सहा महिन्यांत सगळ्यांना संरक्षण आणि मग बहुतेकांचं काढून घेतलं. या दोन्ही निर्णयांच्या मधल्या काळात समुद्रातले मासे बदलले नव्हते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ही यादी पुन्हा वाढली आहे.

अमेरिकेतल्या ओरेगॉन चब या बोटाएवढ्या माशाची गोष्ट इथे शिकण्यासारखी आहे. १९९३ मध्ये तो कायद्याच्या यादीत आला, तेव्हा आठ ठिकाणी मिळून हजारही मासे माहीत नव्हते. बावीस वर्षांनी ऐंशीच्या आसपास ठिकाणी एक लाख चाळीस हजारांहून अधिक मासे मोजले गेले आणि २०१५ मध्ये त्याचं नाव काढलं. सावरला म्हणून तिथल्या यादीतून उतरलेला तो पहिला मासा. तिथल्या कायद्याप्रमाणे यादीतल्या जातींचा दर पाच वर्षांनी आढावा घ्यावा लागतो आणि नाव काढल्यावरही किमान पाच वर्षं लक्ष ठेवावं लागतं. नाव काढायलाही तेवढाच पुरावा लागतो, जेवढा घालायला.

महाराष्ट्राने एक वेगळी वाट दाखवली आहे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी २०२० मध्ये एक चिमुकला नवा मासा नोंदला गेला. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. २००२ च्या जैविक विविधता कायद्यातली ही सोय आहे. इथे संरक्षण नुसत्या नावाला मिळत नाही. पाणी, दगड आणि काठ यांनाही मिळतं. लाल यादीत गट वर गेला काय नि खाली आला काय, झरा राखलेला राहतो. कोकणातल्या देवाच्या डोहांना हीच वाट सगळ्यात सोयीची आहे, कारण तिथे राखण करणारं गाव आधीच उभं आहे.

याच कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांची नोंदवही सांगितली आहे. तळ्यापासून महाडपर्यंतच्या ग्रामसभांनी येत्या पावसाळ्याआधी ती वही उघडावी. आपल्या हद्दीतले बारमाही डोह कोणते, वलगणीला कोणते मासे चढतात, आजोबांच्या वेळी कोणते चढायचे, हे जातीवार लिहावं आणि दरवर्षी त्याच डोहावर पुन्हा मोजावं. चढणीच्या पहिल्या दोन रात्री ओढे मोकळे सोडायचा ठरावही ग्रामसभेला करता येईल. पाच वर्षांच्या अशा नोंदी हातात आल्या, तर रायगडातल्या माशांबद्दल मुंबई-दिल्लीत निर्णय होताना टेबलावर ठेवायला निदान एक खरा कागद असेल.