दारातला फ्रेंच मॅस्टिफ

आपल्या उत्रोली-भोर भागात फार्महाऊसची राखण करणाऱ्या बायकांच्या वाट्याला मालकाचं कुत्रं सांभाळणंही येतं. ते फ्रेंच मॅस्टिफ असेल, तर आधी त्याची नीट ओळख करून घ्या.

ही जात फ्रान्समधल्या बोर्दोची. पूर्वी रानडुकरांच्या शिकारीला आणि राखणीला ही कुत्री पाळत. नर 50 किलोंच्या पुढे, मादी 45 किलोंच्या पुढे. डोक्याचा घेर जवळजवळ खांद्याच्या उंचीइतका! रंग तांबूस, तोंडावर सुरकुत्या, लाळ सारखी गळते. दिसायला रागीट, पण घरच्या माणसांना जीव लावणारं. तरी एवढ्या ताकदीच्या जनावराजवळ लहान मूल एकटं सोडू नये.

आपल्याला भीती त्याच्या दातांची, त्याला मात्र उन्हाची. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंग थंड करतं. याचं नाक आखूड, त्यामुळे धाप पुरत नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत त्याला पत्र्याखाली बांधू नका. उन्हं चढायच्या आत फिरवून आणा. श्वास घरघरला, जीभ लालभडक झाली, झोकांड्या जाऊ लागल्या, तर लगेच सावलीत घ्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.

सुरकुत्या रोज पुसून कोरड्या ठेवा. खाल्ल्यावर पळवू नका. रेबीजची लस चुकवू नका.

आणि सावलीची सोय नसेल, तर मालकांना स्पष्ट सांगा. मुक्या जनावराच्या वतीने बोलायचं ते आपणच.