घरचा संगणक (लेखांक ९) : विंडोज सुरूच झालं नाही तर?

अपडेट का येतात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. पण अपडेटनंच घोळ घातला तर? १९ जुलै २०२४ रोजी असा घोळ जगभर झाला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून द्यावे लागले. उपाय तसा सोपा होता : संगणक सेफ मोडमध्ये न्यायचा आणि अपडेटची सदोष फाइल पुसायची. पण अनेक ठिकाणी त्याआधीच संगणकानं ४८ अंकी किल्ली मागितली, आणि शोधाशोध सुरू झाली.

ही बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद (एनक्रिप्ट) करणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची किल्ली. हे मोठ्या कंपन्यांचं प्रकरण आहे, असं समजू नका. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यातून लॉगिन केलं की डिस्क आपोआप एनक्रिप्ट होते आणि किल्ली त्याच खात्यात जमा होते. मालकाला याचा पत्ताही नसतो. दुकानदारानं स्वतःचा ईमेल टाकून लॅपटॉप सुरू करून दिला असेल, तर किल्लीही त्याच्याच खात्यात! तेव्हा पहिलं काम हे : मोबाइलवरून आपलं मायक्रोसॉफ्ट खातं उघडा, उपकरणांच्या यादीत किल्ली दिसते का पाहा आणि कागदावर उतरवून घ्या. तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत मात्र ठेवू नका.

आता रिकव्हरीचा पडदा. संगणक धड असतानाच तो एकदा बघून ठेवावा. शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्टवर क्लिक करा. निळ्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’ दिसलं, की यंत्रणा जागेवर आहे. ‘कंटिन्यू’ दाबून परत या. विंडोज लागोपाठ सुरू होईनासं झालं, तर हाच पडदा आपणहून येतो.

रिस्टोअर पॉइंटची सोय विंडोजमध्ये २००० सालच्या ‘मी’ आवृत्तीपासून आहे, तरी अनेक संगणकांवर ती बंदच असते. शोधपट्टीत ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ टाइप करा, सी ड्राइव्ह निवडून ‘कॉन्फिगर’मध्ये संरक्षण चालू करा. यातून ड्रायव्हर, सेटिंग आणि सिस्टिमच्या फाइली मागच्या स्थितीला जातात. पुसले गेलेले फोटो परत येत नाहीत. ‘रिस्टोअर’ या शब्दावर विसंबून फोटो गमावलेले लोक कमी नाहीत.

डिस्कवरची रिकव्हरीच बिघडली, तर पेन ड्राइव्ह कामी येतो. ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ असं शोधा, ३२ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह लावा, सिस्टिम फाइली घेण्याच्या चौकटीत टिक करा. पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं आणि कामाला बराच वेळ लागतो, म्हणून रात्री जेवायला बसताना सुरू करावं. वर्षातून एकदा तो नव्यानं बनवा. ‘रीसेट धिस पीसी’ हा शेवटचा उपाय. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी तुम्ही टाकलेली सॉफ्टवेअर जातात, मराठी टायपिंगचं धरून.

सगळं आज जमणार नसेल, तर निदान किल्ली तरी आज लिहून ठेवा. फोटो आणि कागदपत्रांच्या बॅकअपबद्दल पुढच्या आठवड्यात.