फुकट, मुक्त आणि कुलूपबंद

‘ओपन सोर्स’साठी मराठीत ‘मुक्त स्रोत’ हा शब्द रूढ झाला आहे. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत तो उच्चारला, की समोरचा माणूस मात्र ‘फुकट’ असाच ऐकतो. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात दोन्ही अर्थ असल्याने तिकडचा गोंधळ समजण्यासारखा आहे. आपल्याकडे दोन स्वतंत्र शब्द असूनही आपण ते एकच करून टाकले, याची मला गंमत वाटते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे किंमत नव्हती. प्रणाली आतून कशी चालते ते वाचता यावे, ती बदलता यावी आणि बदललेली प्रत दुसऱ्याला देता यावी, एवढे त्यांचे म्हणणे होते.

गेल्या वर्षभरात या दोन शहरांतल्या छापखान्यांत, डीटीपी केंद्रांत, आडत दुकानांत आणि महाविद्यालयांत मी एकच प्रश्न विचारत फिरलो : विकतचे वापरता की मुक्त, आणि का? पाहणी म्हणावी इतकी माणसे मी गाठली नाहीत. तरी किमतीचा मुद्दा जवळजवळ कोणीच काढला नाही, हे लवकरच ध्यानात आले. कारण उघड आहे. संगणक विकणारा ‘सगळं टाकून देतो’ म्हणतो आणि त्या ‘सगळ्या’त विकतच्या प्रणालींच्या चोरट्या प्रती असतात. दोन्ही गोष्टी शून्य रुपयांत मिळत असतील, तर मुक्त प्रणालीचा फुकटपणा हा गुण उरत नाही. उरते ती सवय आणि अडल्यावर धावून येणारा माणूस. लातूरचा एक फ्लेक्सवाला म्हणाला, “फुकट हाय म्हणायलेत सर, पण बंद पडलं तर मी फोन कुणाला लावू?” त्याचे सगळे काम कोरलड्रॉवर चालते, कारण गावातला प्रत्येक मुद्रक त्याच्याकडे कोरलचीच फाइल मागतो.

आडत दुकानातल्या मुनीमजींचे उत्तर याहून पक्के होते. टॅली त्यांनी रीतसर विकत घेतली आहे. २०१७च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा नवे नियम प्रणालीत आयते आले, सीएलाही तीच फाइल चालते, त्यामुळे दिलेले पैसे वसूल, असा त्यांचा हिशेब. मला तो बरोबर वाटतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे मत नेमके उलटे. लिनक्स, पायथन, सायलॅब यांच्याशिवाय त्यांचे पान हलत नाही आणि आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरिअल’ त्यांना हे मराठीतूनही शिकवते. (लिनक्सचे नाव काढताच हात जोडणाऱ्या फ्लेक्सवाल्याच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो, हे मी त्याला सांगितले. त्याने फोन उलटापालटा करून पाहिला.)

साहित्याशी ज्यांचा थेट संबंध येतो ते अक्षरजुळणीकार मात्र या प्रश्नावर आधी गप्प बसतात, मग पुष्कळ बोलतात. त्यांचे दुखणे समजायला थोडे मागे जावे लागेल.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. ६५ हा आकडा म्हणजे इंग्रजी ‘ए’, हे जगभर ठरलेले आहे. नव्वदच्या दशकात खिळ्यांची जुळणी जाऊन डीटीपी आले, तेव्हाच्या मराठी टंकांनी याच इंग्रजी आकड्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. एकूण जागा २५६. त्यात काने, वेलांट्या, अर्धी अक्षरे सगळे कोंबायचे. कोणत्या जागी कोणता तुकडा, हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. त्यामुळे एका टंकातला मजकूर दुसऱ्या टंकात उघडला की पडद्यावर चिन्हांचा कचरा दिसतो. शिवाय तुकडे दिसतात त्या क्रमाने साठवलेले : ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, ‘क’ नंतर. ‘वर्ग’मधला रफार ‘ग’च्या मागे. युनिकोडने १९९१ साली देवनागरीतल्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा आकडा दिला, ‘क’ला २३२५, आणि क्रम उच्चाराचा ठेवला. युनिकोड ही प्रणाली नव्हे, खुले मानक आहे. ते रुजवण्यात मायक्रोसॉफ्टसारख्या विकणाऱ्यांचाही मोठा वाटा आहे, हे मुक्तवाद्यांनी मान्य करायला हवे.

पण आपली जुळणी पेजमेकरवर बसली होती. त्याची २००१ साली आलेली सातवी आवृत्ती शेवटची ठरली आणि तिलाही युनिकोड कळत नाही. नांदेडमध्ये ती आजही चालू आहे.

यात काय जाते, याचे उदाहरण माझ्या परिचयाच्या एका निवृत्त प्राध्यापकांचे आहे. गावोगाव हिंडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी १९९८च्या सुमारास जुळवून घेतल्या. पुस्तकात आल्या त्या थोड्या. बाकीच्या सीडीवर राहिल्या. टंकाचे पॅकेज संगणकामागे लावायच्या डोंगलशिवाय उघडत नसे. केंद्र बंद पडले, डोंगल हरवला. आता सीडी वाचता येते, ओव्या वाचता येत नाहीत. छापलेल्या पानांची सोय झाली : १९८५ ते ९४ या काळात एचपी कंपनीत घडलेला आणि २००५ साली मुक्त झालेला ‘टेसरॅक्ट’ मराठी पाने बऱ्यापैकी वाचतो. न छापलेल्यांसाठी तुकड्यांचा तक्ता हवा, आणि तो कंपनीच्या कपाटात.

म्हणूनच प्रणाली विकतची की मुक्त, यापेक्षा तिच्यात लिहिलेले तिच्यावाचून उघडते का, हा प्रश्न मला मोठा वाटतो. टॅलीवाल्या मुनीमजींचा हिशेब काही वर्षांनी जुना होतो. ओव्यांचे तसे नाही.

मुक्त परवाना काय करू शकतो, तेही पाहण्यासारखे आहे. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ हा टंक मुक्त परवान्याखाली दिला. आयआयटी मुंबईतल्या मंडळींनी तो घेऊन त्यावर काम केले आणि संस्कृत ग्रंथांसाठी ‘शोभिका’ टंक तयार झाला. परवानगीचा अर्ज नाही, करार नाही. हिंदी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ पाहून आपण कुरकुरतो. अशा टंकात मराठी वळण घालून घेणे कुणालाही शक्य आहे.

मग जुळणीकार ‘स्क्रायबस’कडे का वळत नाहीत? २०१७च्या १.५.३ आवृत्तीपासून त्यात जोडाक्षरे नीट उमटतात. वजिराबादेतल्या एका मुरलेल्या जुळणीकाराचे उत्तर सरळ होते. पानामागे पैसे मिळतात, बोटांना वीस वर्षांची सवय आहे, नवे शिकण्याच्या महिन्यात घर कोण चालवणार?

त्याची पद्धत ऐकून मी थक्क झालो. लेखक आता फोनवर युनिकोडमध्ये लिहितात आणि व्हॉट्सअ‍ॅपने पाठवतात. हा गृहस्थ परिवर्तक लावून तो मजकूर जुन्या टंकात उतरवतो, पेजमेकरमध्ये पाने लावतो, मुद्रितशोधनाच्या साऱ्या दुरुस्त्या तिथेच करतो. म्हणजे मोकळा मजकूर कच्चा आणि शुद्ध मजकूर कुलपात. दुसरी आवृत्ती निघाली तर हाती पीडीएफ.

दुरुस्त मजकूर परत युनिकोडमध्ये काढून द्याल का, असे मी विचारले.

“देऊ की. पानाला पाच रुपये जास्त. पण रफार आन् वेलांट्या तुमच्या तुम्ही तपासा.”