लेखांक १४ : खांबाला घातलेली अढी

'टेकन'मधल्या एडी गोर्डोच्या कापोइराला अजून एक आठवडा थांबावं लागणार. 'स्ट्रीट फायटर'मधल्या ढालसिमवरचा लेखांक वाचून पंचवटीतल्या एका वाचकाने विचारलंय, "लांब हातांचा योगी सोडला, तर आपल्या मातीतला कुणी या गेममध्ये नाहीच का?" पार्लरमध्ये टोकन टाकायच्या वयापासून मला हाच प्रश्न छळतोय, त्यामुळे आज दुसरं काही सुचणार नाही.

नावापुरता एक आहे. १९९६च्या 'स्ट्रीट फायटर ईएक्स'मधला दारुन मिस्टर, भारतीय पैलवान. ढालसिम दुरून मारतो. दारुन अंगाला भिडतो, धरतो, उचलतो, आपटतो. त्याच्या डावांची नावं 'इंद्रा ब्रिज', 'ब्रह्मा बॉम्ब' अशी. पण पकडी पाहा! सगळ्या टीव्हीवरच्या व्यावसायिक कुस्तीच्या. आपल्या कुस्तीतली ढाक नाही, कलाजंग नाही, मोळी नाही. देव आपले आणि डाव परके, ही गोष्ट मला आजही खटकते.

खरा लढवय्या आपल्याच नाशिक जिल्ह्यात घडला. बाळंभटदादा देवधर. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे मल्ल पुण्याला आले आणि त्यांनी आव्हान दिलं. कुणी पुढे होईना, तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी विडा उचलला आणि तयारीसाठी वणीचा सप्तशृंग गड गाठला. तिथे मारुतीने दृष्टान्त देऊन लाकडी खांबावर डाव दाखवले, असं परंपरा सांगते. गुलाब हरला, अलीने माघार घेतली. मार्व्हल कॉमिक्सने १९७४ साली आयर्न फिस्ट या आपल्या नायकाला कुन-लुन नावाच्या गूढ नगरीत पाठवून ड्रॅगनशी लढवलं. आपल्याकडे तो गड एसटीच्या अंतरावर आहे.

दंतकथा बाजूला ठेवली तरी तो खांब, म्हणजे मल्लखांब, उरतो. 'मल्लस्तंभ' बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास'मध्येही आहे; बाळंभटांनी त्याला नवा जन्म दिला. फायटिंग गेममध्ये सरावासाठी एक वेगळा मोड असतो. समोरचा बाहुला उभा राहतो, मार खातो, थकत नाही. विंग चुन या चिनी युद्धकलेतला लाकडी बाहुलाही तसाच, त्याला तर लाकडी हात आणि पायही असतात. आपल्या खांबाला दोन्ही नाहीत, पण त्याच्या भागांची नावं ऐका : अंग, मान, वर बोंड. तो उभा केलेला मल्लच आहे. वरून एरंडेल लावलेलं, म्हणजे घामेजलेल्या अंगासारखा निसटणारा. विंग चुनचा बाहुला हातापायांनी ठोकायचा असतो, मल्लखांबाला अंगाने वेढायचं असतं. फरक इथे आहे, आणि गेम बनवणाऱ्यांच्या तो अजून लक्षात आलेला नाही.

म्हणून माझ्या मनातला हा लढवय्या आगीचे गोळे फेकत नाही. 'स्ट्रीट फायटर'मधल्या झांगीफ पैलवानासारखा उचलून आपटतही नाही. तो झेप घेतो आणि मल्लखांबावर बसते तशी समोरच्याच्या कमरेला पायांची अढी बसते. जॉयस्टिक अर्धगोल फिरवली की फिरकी, आणि तो पाठीवर. तिथून तेढी, मग बगली, सगळ्या मल्लखांबावरच्याच पकडी. जमिनीला पाय न लावता एका पकडीतून दुसरीत जाणं हाच त्याचा कॉम्बो. झांगीफ कितीही बटणं दाबो, त्याचा हात बगलेत अडकलेला आहे.