हाताच्या तळव्यावरचे खळगे

समजा, घोडपदेवच्या एखाद्या शाळेतील नववीच्या मुलाचा खालचा जबडा एका बाजूने सुजला आहे. दुखत नाही, पण दात जागचे सरकले आहेत. घरचे त्याला मुंबई सेंट्रलच्या नायर दंत रुग्णालयात नेतात. एक्स-रेमध्ये हाडात तीन पोकळ्या दिसतात. त्या केराटिनने भरलेल्या पिशव्यांच्या, म्हणजे पुटींच्या आहेत. तोंड तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणतात, "आता हात दाखव."

जबड्याचा हाताशी काय संबंध? 1960 साली अमेरिकेत रॉबर्ट गॉर्लिन आणि रॉबर्ट गोल्ट्झ यांनी जबड्यातील पुटी, दुभंगलेल्या बरगड्या आणि त्वचेचे अनेक कर्करोग ही एकाच आनुवंशिक विकाराची लक्षणे असल्याचे दाखवले. गॉर्लिन हे दंतवैद्यकातले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. याचे जनुक 1996 मध्ये नवव्या गुणसूत्रावर सापडले. ते आधी फळमाशीत माहीत झाले होते! पेशींच्या वाढीला ब्रेक लावणे हे त्याचे काम. आपल्याकडे त्याच्या दोन प्रती असतात. या विकारात एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. एखाद्या पेशीत उन्हामुळे किंवा किरणोपचारामुळे दुसरीही बिघडली, की ब्रेक सुटतो. म्हणूनच अशा रुग्णाला उपचारासाठी किरणे देणे शक्यतो टाळतात. निदान वेळेवर होण्याचे महत्त्व इथे आहे.

अडचण अशी, की पाठ्यपुस्तके गोऱ्या कातडीच्या रुग्णांवरून लिहिलेली. आपल्या त्वचेतील मेलॅनिन उन्हापासून बरेच संरक्षण देते. त्यामुळे त्वचेचे कर्करोग कमी होतात, कधी होतही नाहीत. त्यांची वाट पाहत बसलो तर निदान हुकते. निदानाला दोन प्रमुख लक्षणे पुरतात: सूक्ष्मदर्शकाखाली खात्री झालेली पुटी आणि तळहातावर किंवा तळपायावर तीन किंवा अधिक बारीक खळगे. हात दहा मिनिटे कोमट पाण्यात बुडवले की खळगे स्पष्ट दिसतात.

मग प्रश्न घरच्यांचा. बाधित आई किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलाला हा विकार मिळण्याची शक्यता 50 टक्के. काहींच्या बाबतीत मात्र दोघेही निरोगी असतात आणि बदल नव्यानेच घडलेला असतो. आईच्या जबड्याचे पूर्वी ऑपरेशन झाले असेल, तर तिचेही हात पाण्यात बुडवून पाहायला हवेत.

पुटी पुन्हा होतात, म्हणून तपासण्या वर्षानुवर्षे चालतात. असा मुलगा पीटीच्या तासाला टोपी घालून उभा राहिला, तर शिस्तीसाठी ती काढायला लावू नये.