आरोपीला वकील कशासाठी?

ऑगस्ट २०२२ मध्ये मावळातल्या एका गावात सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने आरोपीला फाशीची शिक्षा सुनावली. पुरावा नष्ट केल्याबद्दल त्याच्या आईलाही शिक्षा झाली. असा गुन्हा घडला की गावोगावी एकच प्रश्न विचारला जातो : अशा माणसाचे वकीलपत्र कोणी घ्यावेच कशाला? या प्रश्नामागचा संताप खरा आहे आणि तो माणुसकीतूनच आलेला आहे. तरीही माझे म्हणणे असे की गुन्हा जितका गंभीर, तितका आरोपीला चांगला वकील मिळणे गरजेचे. हे आरोपीवरचे उपकार नव्हेत. ज्या घराने लेकरू गमावले, त्या घराला वरच्या न्यायालयातही टिकेल असा निकाल हवा असेल, तर त्याची ही पहिली अट आहे.

याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. जून २००३ मध्ये नाशिकजवळच्या एका वस्तीवर दरोडा पडला, एकाच कुटुंबातल्या अनेकांचे खून झाले, बलात्कार झाला. भटक्या जमातीतल्या सहा जणांवर खटला चालला आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. पुढे फेरविचार झाला आणि मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने घटनेनंतर पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंमधून वेगळ्याच चौघांना ओळखले होते, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. सहा निरपराध माणसे सुमारे सोळा वर्षे तुरुंगात राहिली. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. पण खरे गुन्हेगार कोण, हा प्रश्न त्या पीडित कुटुंबापुढे तसाच उरला. ओळख पटवण्यातली ही खोट पहिल्याच न्यायालयात ताकदीने मांडली गेली असती, तर तपास वेळीच योग्य माणसांकडे वळण्याची शक्यता होती.

बचाव म्हणजे नेमके काय, हे म्हणूनच समजून घ्यायला हवे. लोणावळा, कामशेत किंवा वडगावच्या पोलिसांनी कुणाला अटक केली, तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. अटकेची कारणे त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी लागतात. चौकशीदरम्यान पूर्ण वेळ नाही, तरी मधे वकिलाला भेटण्याचा हक्क त्याला आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध पुरावा ठरत नाही. तिच्यामुळे एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर तेवढ्यापुरताच भाग ग्राह्य धरला जातो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत साठ दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन मागण्याचा हक्क मिळतो. मात्र जामीन म्हणजे सुटका नव्हे. खटला चालूच राहतो. पुढे पुरेसा आधार नसल्यास दोषमुक्तीचा अर्ज, साक्षीदारांची उलटतपासणी, पंचनामे आणि प्रयोगशाळेच्या अहवालांची छाननी, आपले साक्षीदार, शिक्षा सौम्य करण्यासाठी युक्तिवाद आणि अपील असे टप्पे येतात. सत्र न्यायालयाची फाशी तर उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलातच येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की वकील तांत्रिक मुद्दे काढून गुन्हेगाराला सोडवतात. असे घडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्याला आपण तांत्रिक म्हणतो, तो मुद्दा बहुतेक वेळा मुद्देमाल नीट सीलबंद केला का, पंच खरोखर जागेवर होते का, असा असतो. त्याचे उत्तर तपास चोख करण्यात आहे, प्रश्न विचारणारा माणूस हटवण्यात नाही. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचारांच्या पॉक्सो कायद्यात तर मूळ घटना शाबीत झाली की आरोपी दोषी आहे असेच गृहीत धरले जाते; ते खोडून काढण्याचा भार त्याच्यावर पडतो. तिथे वकील नसेल, तर सुनावणीला अर्थच उरणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वेदनेचा आहे : पीडितांनी किती वर्षे थांबायचे? विलंब हा अन्यायच आहे. पण घाईनेही वेळ वाचत नाही. मध्य प्रदेशातल्या एका बालिकेच्या खुनाच्या खटल्यात बचावासाठी वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि दोन आठवड्यांच्या आत फाशी सुनावली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून खटला पुन्हा पहिल्यापासून चालवायला लावला. अशा गुन्ह्यात नेमलेल्या वकिलाला तयारीसाठी किमान सात दिवस मिळावेत, असेही सांगितले. म्हणजे चार दिवस वाचवायला जाऊन त्या मुलीच्या आईवडिलांची सहा वर्षे गेली. २६/११ च्या हल्ल्यातल्या अजमल कसाबलाही सर्वोच्च न्यायालयापर्यंत वकील मिळाला होता. म्हणूनच नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात झालेल्या त्याच्या फाशीमागे पूर्ण सुनावणी झालेला निकाल उभा होता.

वकील संघटनांनी ‘या आरोपीसाठी कोणी उभे राहायचे नाही’ असे ठराव करणे बेकायदा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बजावले आहे. मावळातल्या सामान्य कुटुंबांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. उद्या आपल्या घरातल्या कुणावर गंभीर आरोप आला, तर कोऱ्या कागदावर सही करू नये, ओळखीपाळखीने ‘मिटवून’ देणाऱ्यांच्या नादी लागू नये आणि पीडित कुटुंबाशी किंवा साक्षीदारांशी परस्पर संपर्क साधू नये. कोठडीतल्या प्रत्येकाला, तसेच महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे, पुण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. आणि आरोपी दुसऱ्या कुणाच्या घरातला असेल, तेव्हा त्याच्या वकिलाला त्याचे काम करू द्यावे.